माणूस मरणार नाही असा नंबर

टॅल्बर्ट, कॅन्सस
४ ऑक्टोबर १९९३

रॉइस,

फोन करून उपयोग नाही म्हणून लिहितेय. फेब्रुवारीत माझा नवरा गेला तेव्हा मी तुला 'क्लेटन गेला' असं तीनदा ओरडून सांगितलं आणि तू विचारलंस, 'कुठे गेला?' एकतीस वर्षं बंदुकांच्या दुकानात काढलीस आणि कान तिथेच ठेवून आलास.

कामाचं सांगते. गेल्या आठवड्यात घरात चोरी झाली. मी शाळेची बस घेऊन गेले होते. परत आले तर टीव्ही नाही, क्लेटनची लाकडं कापायची करवत नाही, त्याच्या शिकारीच्या दोन्ही बंदुका नाहीत. केंट आला होता पंचनाम्याला. तो आता शेरीफच्या हाताखाली आहे. लहानपणी माझ्याच बसमध्ये सीटखाली च्युइंगम चिकटवायचा. म्हणाला, "मॅडम, तुमचं घर रस्त्याच्या टोकाला. मला यायला वीस मिनिटं लागणार. तुम्ही हाताशी काहीतरी ठेवा."

काहीतरी म्हणजे काय, यावर अख्ख्या गावाचं मत आहे. औषधाच्या दुकानातला म्हणतो नऊ मिलिमीटरचं पिस्तूल. चर्चच्या स्वयंपाकघरात आम्ही बटाटे सोलत होतो तर डोरीन म्हणाली पंचेचाळीस, त्याखाली बोलूच नका. डोरीन म्हणजे पेट्रोल पंपावर गल्ल्यावर बसते ती. पाद्रीबाईंनी प्रार्थनेआधी सांगितलं की त्यांच्या उशाशी अडतीस असतं. कोण किती जाडीची गोळी घेऊन झोपतं, हे मला आता सगळ्यांचं पाठ झालंय.

मला एवढंच सांग. माणूस थांबेल पण मरणार नाही, असा नंबर कोणता? सगळ्यात लहान कोणता चालेल?

मी ठीक आहे. म्हणजे काही वाटतच नाही. फेब्रुवारीपासून असंच आहे. सकाळी उठते, बस काढते, मुलं चढतात, मुलं उतरतात. भीती वाटायला हवी होती, तीही वाटत नाही. पोराचं विचारशील तर, लायल विचिटाला छपरं घालायच्या कामावर आहे. बरा आहे.

व्हर्ना


कोल्टर स्प्रिंग्ज, ॲरिझोना
११ ऑक्टोबर १९९३

व्हर्नाबाई,

असा नंबर नाही.

एकतीस वर्षांत हाच प्रश्न घेऊन माझ्या काउंटरशी शाळामास्तरणी आल्या, पाद्री आले, एकदा तर दातांचा डॉक्टर आला. 'रॉइस, त्याला लागावं पण फार लागू नये, असं काही दे.' मी म्हणायचो, 'साहेब, मग झाडू घेऊन जा.' अगं, बंदूक ही बंदूक असते. ती थोडीशी मारत नाही.

आता ऐक. पंचेचाळीसवाले सांगतील की मोठी गोळी, एकात काम. नऊवाले सांगतील की गोळ्या जास्त मावतात. या दोघांना एका खोलीत कोंडलं ना, तर आठवडाभर वाद घालतील आणि उपाशी मरतील. माझा निम्मा धंदा त्या वादावर चालला, म्हणून मी कधी तो मिटवला नाही. पण तू बहीण आहेस. तुझ्या बोटांना सांधेदुखी. मागे ओढून भरायचं पिस्तूल तुला जमणार नाही आणि पंचेचाळीसचा धक्का त्या मनगटाला सोसणार नाही. तू अडतीस घे, चक्राचं रिव्हॉल्व्हर. साधं काम, अडकत नाही, बिघडत नाही. या बाबतीत पाद्रीबाईंना अक्कल आहे, हे मान्य करावं लागतंय.

आणि बावीस घेऊ नकोस. सगळ्या बायका शेवटी बावीसकडेच बोट दाखवतात, कारण ते दिसायला गरीब असतं. बावीस लागलेला माणूस पुष्कळदा थांबतच नाही. चालत येतो, तुझ्या हातातून ते काढून घेतो आणि मग दोन दिवसांनी दवाखान्यात मरतो. म्हणजे तुझं कामही झालं नाही आणि त्याचा जीवही गेला. असल्या शस्त्राला काय चाटायचंय?

हे सगळं मी बाराशे मैलांवरून सांगतोय, उंटावरून शेळ्या हाकतोय, ते मला कळतंय. म्हणून दोन गोष्टी विचारतो. चोर आत कसा आला? दार फोडलं की खिडकी? आणि ते तुझं हँक काय करत होतं? जुलैत मी तीन दिवस राहिलो तर तिन्ही दिवस माझ्यावर भुंकत होतं मेलं.

काही वाटत नाही म्हणतेस ते वाचलं. जेवत जा.

रॉइस


टॅल्बर्ट
२० ऑक्टोबर १९९३

रॉइस,

बावीस घेतलं.

ओरडू नकोस, मला इथे ऐकू येत नाही आणि तुला तिथे. शनिवारी तालुक्याच्या गावी गेले होते. दुकानदार तिशीतला होता. मला बघितल्याबरोबर म्हणाला, "मावशी, तुमच्यासाठी अडतीस." मी म्हटलं, बावीस दाखव. तो म्हणाला, "मावशी, बावीसनं चोराला फक्त राग येतो." मी म्हटलं, येऊ दे. मग त्यानं मागे बसलेल्या म्हाताऱ्याला हाक मारली, त्यानं नऊ मिलिमीटर काढलं. मग तिथे मासेमारीचा गळ घ्यायला आलेला एक जण होता, तोही बोलायला लागला. तिघांचं जुंपलं. मी खुर्चीवर बसून होते. पंचवीस मिनिटांनी त्यांना आठवलं की गिऱ्हाईक मी आहे.

काळं आहे, छोटं आहे, सहा गोळ्यांचं, चक्राचंच. गोळ्यांची एक पेटी बरोबर दिली. सहीसुद्धा किती सोपी. ग्रंथालयाचं कार्ड काढायला जास्त वेळ लागला होता.

घरी आणून ते पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवलंय. वरच्या फळीवर.

तू विचारलंस त्याचं. दार फोडलं नव्हतं. खिडकीही नाही. मागच्या दाराची किल्ली कुंडीखाली असते, ती त्याला सापडली असेल. हँक म्हातारा झालाय. हल्ली कुणावरच भुंकत नाही.

क्लेटनचे कपडे चर्चला देऊन टाकले. देताना काही वाटलं नाही. डोरीनच रडत होती, मी तिला रुमाल दिला.

व्हर्ना


कोल्टर स्प्रिंग्ज
२८ ऑक्टोबर १९९३

व्हर्ना,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचून तुला शिव्या घातल्या. मोठ्यानं घातल्या असणार, कारण शेजाऱ्यानं भिंत ठोकली असं त्यानं नंतर सांगितलं. 'बावीस घेऊ नकोस' असं स्पष्ट लिहूनही बाईसाहेबांनी बावीसच घेतलं. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

चौथ्यांदा वाचलं तेव्हा शिव्या थांबल्या.

किल्ली कुंडीखाली असते, हे चोराला ठाऊक होतं. हँक जुलैत माझ्यावर भुंकला आणि सप्टेंबरात म्हातारा झाला? क्लेटनच्या बंदुका कपाटात कोटांच्या मागे असायच्या, मलाही शोधाव्या लागल्या असत्या. त्या गेल्या आणि खिडकीची काचसुद्धा तडकली नाही. आणि तू पहिल्या पत्रापासून एकच विचारतेयस, की मरणार नाही असा नंबर कोणता. घरात चोर येतो तेव्हा बाई असं विचारत नाही गं. मी हजार बायकांना बंदुका विकल्या. त्या विचारतात, 'नक्की थांबेल ना?' चोर जगेल का, ही काळजी कुणीही केली नाही.

लायल कुठे आहे?

आमच्या धंद्यात पहिला नियम एकच. जे गमवायची तयारी नाही, त्याच्यावर बंदुकीचं तोंड धरायचं नाही. तेव्हा नंबराचं राहू दे. ते घेऊन तू दारात उभी राहशील तेव्हा समोर कोण असेल, ते मला आधी सांग.

रॉइस


टॅल्बर्ट
८ नोव्हेंबर १९९३

रॉइस,

लायल इथेच आहे. विचिटाचं काम जूनमध्येच सुटलं. नदीपलीकडे एका ट्रेलरमध्ये राहतो, आणखी चार-पाच जण आहेत. ती नशेची पावडर ओढतात. दात बघितलेस तर ओळखणार नाहीस. एकोणतीस वर्षांचा आहे आणि क्लेटनपेक्षा म्हातारा दिसतो.

चोरी त्यानंच केली. केंटला मी सांगितलं नाही. केंट त्याच्याच वर्गातला. पंचनामा लिहिताना त्यानं कुंडीकडे बघितलं, हँककडे बघितलं आणि काही विचारलं नाही. त्यालाही कळलं असणार.

चोरीनंतर दोनदा आला. पहिल्यांदा मी सूप दिलं, तो उभ्यानं प्यायला आणि माझी शिवणाची मशीन उचलून घेऊन गेला. दुसऱ्यांदा मी दारात उभी राहिले. म्हटलं, बाळा, आता न्यायला काही राहिलं नाही. त्यानं मला बाजूला सारलं. मारलं नाही. फक्त सारलं, पण मी स्टोव्हवर पडले. मनगट काळंनिळं झालं. शाळेत सांगितलं, बसच्या दारात सापडलं. तो जाताना म्हणाला, "आई, पुढच्या वेळी मधे येऊ नकोस." शांतपणे म्हणाला. मी तुला मीठ दे म्हणावं ना, तसं.

आता तूच सांग. तो परत येणार. मी मधे आले आणि डोकं आपटून मेले तर त्याला जन्मभर तुरुंग. मी त्याच्यावर मोठा नंबर चालवला तर तो मेला. मला दोन्ही नको आहे. पोटचा पोर आहे तो. मला मधलं काहीतरी हवं होतं, म्हणून सगळ्यात लहान घेतलं. तेवढंच माझ्या डोक्यात आलं.

पायावर मारली तर?

हे सगळं मी भांडी घासावीत तसं लिहितेय. माझं काय झालंय मला कळत नाही.

व्हर्ना


कोल्टर स्प्रिंग्ज
१५ नोव्हेंबर १९९३

व्हर्ना,

पायावर नाही. हातावर नाही. छताकडेही नाही. जन्मभर बंदुका विकलेला माणूस तुला सांगतोय, ते घरातून काढ. आजच्या आज.

आमच्याकडे एक रीत होती, दुकानाच्या पाटीवर नसलेली. कुणाच्या घरी वाईट दिवस आले, भांडणं, दारू, मरण, की शेजारी जाऊन म्हणायचा, 'तुझी माझ्याकडे ठेवतो थोडे दिवस.' कुणी कारण विचारायचं नाही, कुणी मानापमान करायचा नाही. दिवस फिरले की परत. माझ्या मागच्या खोलीत एका वेळी चौदा जणांच्या बंदुका असायच्या. तसं तुझं ते डोरीनकडे दे. केंटकडे दे. पाद्रीबाईंकडे दे, त्यांच्या उशाशी अजून जागा असेल. लायलला ते दिसलं तर तो काढून घेईल. त्याच्यावर रोखलंस तर ते हात दाखवून अवलक्षण होईल.

आणि कुलूप बदल.

आता माझं सांगतो. हे मी तुला सांगणार नव्हतो. जुलैत लायलचं मला पत्र आलं होतं. तीनच ओळी. 'मामा, तुझ्याकडे येऊ का थोडे दिवस? इथे राहिलो तर बरा होणार नाही. काम करीन.' मी उत्तर दिलं नाही. वाटलं, नसती ब्याद, या वयात कोण सांभाळणार. पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि स्वतःला म्हटलं, पुढच्या आठवड्यात लिहू. त्यानं मला मामा म्हणून विचारलं आणि मी गिऱ्हाईक समजून टाळलं. लाज वाटते मला.

सोबत बंद पाकीट आहे, त्याच्या नावाचं. त्यात लिहिलंय की ये. मागची खोली रिकामी आहे, आता तिथे बंदुका नाहीत. बसचं तिकीटही आत आहे, कधीही चालणारं. तो आला की सूप देण्याआधी पाकीट दे.

रॉइस


टॅल्बर्ट
३ जानेवारी १९९४

रॉइस,

तुला कळवलं नाही. कळवायला हवं होतं, ते रोज आठवायचं आणि संध्याकाळ व्हायची. लायल गेला. दहा डिसेंबरला. पुरलं क्लेटनच्या शेजारी.

क्रमानं सांगते, म्हणजे मला जमेल. तुझं पत्र आलं, पाकीट मी फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवलं, नाव समोर दिसेल असं. कुलूप बदललं नाही. बदललं असतं तर तो आत कसा येणार आणि पाकीट कसं देणार? ते डबा उघडून डोरीनकडे न्यायचं रोज ठरवत होते. उद्या नेते, उद्या नेते. तीन आठवडे तो आलाच नाही.

दहा तारखेला, शुक्रवारी, मी बसवर असताना आला. डबा खाली काढलेला होता. पाकीट तिथेच होतं, उघडलेलं नव्हतं. त्यानं नाव पाहिलं की नाही, मला कधीच कळणार नाही.

दुपारी तीनला तो पेट्रोल पंपावर गेला. गल्ल्यावर डोरीन. पैसे घेऊन बाहेर आला तेव्हा केंट पोचला होता, समोरच कॉफी पीत होता तो. केंट ओरडला, खाली टाक. लायलनं हात वर केला. हातात ते होतं.

मी त्याच वेळी तिथून बस घेऊन गेले, रॉइस. केंटची गाडी दिसली, वरचा दिवा फिरत होता, जमिनीवर कुणीतरी होतं. मी मुलांना म्हटलं, डावीकडे बघायचं नाही, सगळ्यांनी उजवीकडे बघा, कुणाला गायी दिसतात सांगा. मुलांनी गायी मोजल्या. मग एकेकाला घरी सोडलं. मग बस लावली. मग शेरीफ उभा होता.

मातीनंतरच्या जेवणाला अख्खं गाव आलं. हॅम, बटाट्याची कोशिंबीर, शेवयांच्या डिश. डोरीननंही डिश आणली, ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. ती कामावर जात नाही म्हणतात.

केंट आठवड्यानं आला. टोपी हातात धरून पायरीवर उभा. म्हणाला, "मॅडम, मला कसं कळणार ते किती नंबरचं आहे? समोरून सगळ्यांचं तोंड सारखंच दिसतं." मी म्हटलं, खरं आहे. मी त्याला आत बोलावलं, तो आला नाही.

आता तुला विचारायचंय ते. इतका वाद झाला नंबरावरून, अख्खं गाव बोललं, तू बोललास, त्या दुकानात तिघं बोलले. पण मी त्यात काही भरलंच नव्हतं. एकही नाही. ते घरी आणलं त्या दिवशी गोळ्यांची पेटी न्हाणीघरातल्या कपाटात क्लेटनच्या दाढीच्या सामानामागे ठेवली, ती अजून तिथेच आहे, वरचा कागदही फाडलेला नाही. बावीससुद्धा मला लहान वाटलं नाही, रॉइस. म्हणून रिकामं ठेवलं. शेरीफनं विचारलं, त्यानं गोळ्या कुठे टाकल्या? मी म्हटलं, नव्हत्याच.

लायलला ठाऊक होतं का? की त्याला वाटत होतं ते भरलेलं आहे? डोरीनला मारायला तो तयार होता का? तिच्या मांडीवर वाढलाय तो. तू त्याला बंदूक धरायला शिकवलंस, तुला कळेल. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. तसंही मला काही वाटत नाही. फक्त खरं काय ते हवंय.

व्हर्ना


कोल्टर स्प्रिंग्ज
१२ जानेवारी १९९४

व्हर्ना,

दोन पत्रं लिहून फाडली. दोन्हींत खोटं होतं, एकात गोड आणि एकात कडू.

त्याला ठाऊक होतं.

कसं ते सांगतो. तो नऊ वर्षांचा असताना उन्हाळ्यात माझ्याकडे होता, आठवतं? त्या उन्हाळ्यात मी त्याला एकच गोष्ट शिकवली. हातात घेतलं की आधी उघडून बघायचं. कुणी दिलं, कुठून काढलं, आत्ताच तू स्वतः ठेवलंस, काही फरक पडत नाही. उघडायचं, आत बघायचं, मग पुढचं. उघडलं नाही की मी त्याच्या हातावर चापटी मारायचो. दिवसाला पन्नास वेळा ते त्याच्यापुढे ठेवायचो. शेवटी शेवटी तो माझ्याशी बोलताबोलता, दुसरीकडे बघत, उघडून अंगठ्यानं चाचपायचा. असे शिकलेले लोक मी आयुष्यभर पाहिलेत. त्यांना स्वतःच्या घराचं दार सापडत नाही इतकी चढलेली असते, पण हातात रिव्हॉल्व्हर दे, पहिल्यांदा चक्र उघडतात. ते डोक्यातून येत नाही, हातातून येतं. पावडरीनं दात जातात, हे जात नाही.

तेव्हा तुझ्या स्वयंपाकघरात, डबा खाली काढल्यावर, त्यानं ते उघडलं. सहाही घरं रिकामी बघितली. गोळ्यांसाठी घर शोधलं नाही, पेटी जिथल्या तिथे आहे, असं तूच लिहितेस. रिकामं घेऊन गेला. डोरीनला काही करायला तो गेला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो.

हात वर का केला, ते मला सांगता येणार नाही. रिकामं आहे हे दाखवायला केला असेल. किंवा त्याला आता पुढे जायचंच नसेल. मी दोन्ही बाजूंनी विचार केला, रात्रंदिवस केला, आणि मला माहीत नाही. जुलैच्या पत्राला मी उत्तर दिलं असतं तर हा विचार करायची वेळच आली नसती, एवढं मात्र माहीत आहे.

पुढच्या आठवड्यात मी निघतो, गाडीनं. तीन दिवस लागतील. घ्यायला येऊ नकोस. आणि डोरीनला सांग. मला वाटतं ती बिचारी मनानं रोज त्याच्यासमोर उभी असते.

रॉइस


टॅल्बर्ट
१७ जानेवारी १९९४

रॉइस,

हे पत्र तू निघायच्या आत पोचेल की नाही, माहीत नाही. तरी लिहितेय.

तुझं पत्र आज आलं आणि मी डोरीनकडे गेले. इथे मयताच्या घरी आणलेल्या डिशा धुऊन ज्याच्या त्याला परत द्यायच्या असतात, खाली चिकटपट्टीवर नाव असतं. बाकीच्या सगळ्या देऊन झाल्या होत्या. तिची तेवढी राहिली होती.

तिनं दार उघडलं आणि डिश घ्यायला हात पुढे केला, मला आत घेईना. मी तिथेच पायरीवर सांगितलं. म्हटलं, डोरीन, ते रिकामं होतं आणि लायलला माहीत होतं. रॉइस म्हणतो, शपथेवर. तुला तो काही करणार नव्हता.

मला वाटलं, तिला हलकं वाटेल. ती खालीच बसली, उंबऱ्यावर. मग म्हणाली, "व्हर्ना, तो मला म्हणाला होता."

मी विचारलं, काय?

"आत आला, ते माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला, 'घाबरू नकोस, डोरीनमावशी, यात काही नाहीये. फक्त गल्ला दे.' मला वाटलं, सगळे असंच म्हणत असतील. मी काउंटरखालचं पोलिसांना कळवायचं बटण दाबलं. केंट धावत आला तेव्हा मी काचेतून त्याला ओरडून सांगू शकत होते, त्यात काही नाही म्हणून. मी खाली बसून राहिले. हे मी कुणाला सांगितलं नाही. शेरीफला नाही, नवऱ्याला नाही."

थंडी फार होती. माझ्या हातात अजून तिची डिश होती. मी म्हटलं, "मीसुद्धा बटण दाबलं असतं." आणि ते खरं आहे, रॉइस. घरात आलेल्या स्वतःच्या मुलाला घाबरून मी बंदूक आणली. तिनं तर फक्त बटण दाबलं.

मग मी तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. ती रडत होती. थोड्या वेळानं बघितलं तर मीही रडत होते, तोंडावर हात धरून, ओरडत. डोरीनचा नवरा आतून बाहेर आला इतका आवाज झाला. त्या आवाजात मी लायलचं नाव घेत होते म्हणे.

तू लवकर ये. इतके महिने मला काही वाटत नव्हतं ना, ते बरं होतं. आता वाटायला लागलंय.

व्हर्ना